डावऱ्याचे दोर

पेरणी तोंडावर आली होती आणि दोरवाल्याच्या अंगणातलं चाक बंद होतं.

एरवी या दिवसांत त्याला पाणी प्यायला उसंत नसे. नांगराला जाड दोर हवा, बैलांना नवे कासरे हवेत, गाईला दावं हवं, विहिरीच्या बादलीला लांबसडक दोर हवा. वर्षभराची सगळी बांधाबांध गावाला याच महिन्यात आठवायची. माणसं सकाळीच येऊन ओट्यावर ठाण मांडून बसायची आणि दोर हातात पडल्याशिवाय हलायची नाहीत. यंदा माणसं येत, बंद चाकाकडे बघत, चपलेतला नसलेला खडा झटकत आणि म्हणत, "घाई नाही, काका. सवडीनं द्या."

घाई होती. शहरातला एक व्यापारी सायकलला प्लास्टिकच्या दोरांची निळी-हिरवी वेटोळी लटकावून गावातून दोनदा घंटी वाजवत गेला होता.

दोर वळायला तीन माणसं लागतात. एक जण चाक फिरवतो. दुसरा कमरेला वाखाची, म्हणजे घायपाताच्या धाग्यांची, जुडी गुंडाळून, बोटांमधून धागे सोडत सोडत उलट्या पावली मागे जातो. तिसरा, जिथे पेड एकमेकांत मिळतात तिथे खाचांचा लाकडी ठोकळा धरून उभा राहतो. मागे जायचं काम दोरवाल्याचं. इतकी वर्षं तो असा उलटा चालला होता की समोर बघून चालतानाही मधेच मान वळवून मागचा खड्डा चाचपायचा. ठोकळा मुलाकडे असे आणि मुलगा सैन्यात गेल्यापासून थोरलीकडे आला होता. थोरली म्हणजे दोरवाल्याची मुलगी, पलीकडच्याच गल्लीत दिलेली. चाक बायकोचं. तिच्यासारखा सारखा वेग दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हता. वेग जरा चुकला की पेडाला गाठी येतात, आणि गाठाळलेला दोर बैलाच्या मानेला लागतो.

बायको आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. जेवायला वाढलं तर जेवायची, बोलावलं तर हूं म्हणायची. रडत नव्हती. गल्लीतल्या बायका येत, उशाशी बसत, स्वतःच रडून डोळे पुसत घरी जात.

दोन जवान पेटी घेऊन आले त्या दिवसापासून हे असं होतं. त्यांतला एक उंच होता आणि दुसऱ्याचा हात गळ्यात बांधलेला होता. बोललं ते हात बांधलेल्यानं. नदी ओलांडायची होती, पलीकडच्या काठाला दोर नेऊन बांधायचा होता. साहेबांनी विचारलं, दोरातलं कुणाला कळतं? "आणि हा आधीच बूट काढत होता," जवान म्हणाला. दोर बांधून झाला. परत फिरला तेव्हा मध्यावर गोळी लागली.

"आम्ही सगळे त्याच दोराला धरून पार झालो, काका."

दोरवाल्याच्या तोंडून गेलं, "दोर सुटला नाही ना?"

"नाही. उलट शेवटी आम्हाला सोडायचा होता तर ती गाठ कुणालाच सुटेना. कापावा लागला."

तो मान डोलवत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की बायको समोर बसली आहे आणि पोराविषयी आपण पहिली चौकशी केली ती दोराची. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजही तो प्रश्न आठवला की तो हातातलं काम सोडून उगाच दोन पावलं चालायचा.

पेटी बायकोनं उघडली. गणवेश, टॉवेल, दाढीचा डबा, पॉलिश केलेले बूट. सगळं कोपऱ्याला कोपरा लावून रचलेलं. तिनं शर्ट उचलून नाकाशी धरला, पुन्हा ठेवला.

"माझ्या पोरानं जन्मात कशाची घडी घातली नाही," ती म्हणाली. "हे सगळं दुकानातलं आहे." मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "त्याच्या हाताचं घरात काही आहे का हो?"

त्यानं घरभर नजर फिरवली. पोरानं वळलेला एकूण एक दोर विकला गेला होता. वाळत घालायची दोरी होती, ती उरल्यासुरल्या तुकड्यांची आणि त्याच्या स्वतःच्या हातची.

"बघतो," तो म्हणाला.

ती आत जाऊन पडली ती पडलीच.

*

काही दिवसांनी तो लोहाराकडे गेला. लोहाराच्या भात्याला पोराचा दोर आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पोराचा दोर गावात कुणालाही ओळखता यायचा. पोरगा डावखुरा. गाव त्याला डावऱ्याच म्हणायचं, आणि मास्तरांनी हजेरीत खरं नाव पुकारलं की तो स्वतःच इकडेतिकडे बघायचा. मांडीवर घासून दोर वळायचा तर डाव्या तळव्यानं. चाकावर बसवला तर चाक उलटं फिरायचं. सगळ्या जगाच्या दोराचा पीळ ज्या अंगानं चढतो, त्याच्या विरुद्ध अंगानं याचा चढायचा. दोरवाल्यानं लहानपणी त्याच्या मनगटावर चापट्या मारून पाहिल्या, डावा हात कमरेला बांधून पाहिला. पोरगा तेवढ्यापुरता उजव्यानं वळायचा, पण तो दोर असा निघायचा की त्यानं मांजरसुद्धा बांधलं नसतं. शेवटी बापानं हात टेकले.

लोहाराच्या भट्टीपुढे नांगरांचे फाळ ओळीनं मांडले होते. भाता वर-खाली होत होता, दोर कुरकुरत होता. दोरवाल्यानं सहज हात लावल्यासारखं करून पिळावरून अंगठा फिरवला.

"काय बघताय, काका?"

"झिजलाय का बघतो."

"झिजतोय कशाला! डावऱ्याचा आहे." लोहारानं निखारे ढोसले आणि आपल्याशीच हसला. "तुम्हाला तो विळा आठवतो का? माझ्या डोक्याला नुसता ताप. म्हणे, पातं उलट्या बाजूला वाकवून दे, डाव्या हाताला. मी म्हटलं, बाबा रे, बाप-आज्यात कुणी असा विळा केला नाही. तर हा रोज इथं येऊन बसायचा. भाता ओढायचा आणि बडबड, बडबड. शेवटी तोंड बंद करायला करून दिला. पहिल्याच दिवशी माझ्या बापानं चुकून उचलला आणि गवत राहिलं बाजूला, स्वतःची चप्पल कापली!"

दोरवाला हसला. हसताना त्याला कळलं की गालांना सवय राहिली नाही. दोर मागायचा म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण भट्टी पेटलेली होती आणि फाळांची रांग दारापर्यंत गेली होती.

"येतो," तो म्हणाला.

दुपारी खोलीच्या उंबऱ्यात ताट घेऊन बसला आणि कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात त्यानं सगळं सांगितलं. फाळांची रांग, भाता, विळा, चप्पल. तो हात धुवायला उठला.

"त्या विळ्याची मूठ मी बांधून दिली होती," भिंतीकडचा आवाज म्हणाला. "चिंधी लावून. त्याला फोड यायचे."

*

मग तो शेळ्यांच्या आजीकडे गेला. म्हातारी गावाच्या टोकाला राहायची. तिचा एक बोकड होता, शिंगं पसरलेली, दाढी पिवळट, नजर थेट. तो डावऱ्याच्या दाव्याला बांधलेला होता.

"ये रे," म्हातारी म्हणाली. "त्याच्या पुढ्यातून नको, मागून ये. आज त्याचा पारा चढलाय."

दोरवाला बसला. दाव्याकडे बघून म्हणाला, "लांब वाटतं जरा."

"वाटायचंच! तुझा पोरगा देतानाच मापाच्या वर एक हात द्यायचा. म्हणायचा, आजी, शेळीला इकडेतिकडे बघायला नको का? आणि मला एकटीलाच नाही, सगळ्यांनाच द्यायचा."

"तरीच!" दोरवाल्यानं मांडीवर हात मारला. "तरीच माझा वाख पुरायचा नाही! मी आपला वाखवाल्याशी भांडतोय, मापात मारतोस म्हणून."

म्हातारी बोळक्या तोंडानं हसत सुटली. हसू ओसरल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"याला मात्र जाम घाबरायचा हं. बोकड मोकळा दिसला की हा झाडावर. मिशी फुटल्यावरसुद्धा. मागं सुट्टीवर आला, तर तुमचा गणवेशातला जवान त्या फांदीवर बसून मला म्हणतो, आजी, आवर तुझ्या साहेबाला." तिनं बोटानं ती फांदी दाखवली. "मग खाली उतरून इथं बसला. मी विचारलं, तिथं भीती वाटते का रे? म्हणाला, वाटते की. आणि आजी, तिथं झाडंच नाहीत."

बोकडानं मान झटकली. दावं ताणलं, ढिलं पडलं.

"तुला काय हवंय ते बोल आता," म्हातारी म्हणाली. "मघापासून त्या दोराला कुरवाळतोयस."

"तिला... त्याच्या हाताचं काहीतरी हवं होतं. घरात काहीच नाही."

म्हातारी गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि खुंट्याशी वाकली. त्यानं घाईनं तिचा हात धरला. "नको, नको. हा सुटला तर तुला आवरायचा नाही. राहू दे. दुसरीकडे बघतो कुठेतरी."

त्या दिवशी उंबऱ्यात बसून त्यानं वरचा एक हात सांगितला, वाखवाल्याशी झालेली भांडणं सांगितली, झाडावरचा जवान सांगितला. आणि थांबला.

"अजून काय म्हणाली?" भिंतीकडून आवाज आला.

"काही नाही."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. काय म्हणाली?"

त्यानं सांगितलं. ती वळली. मग उठून बसली. केस विस्कटलेले, गालावर चटईची नक्षी उमटलेली.

"मला म्हणाला, आई, तिथं मजा आहे, नुसतं खायचं आणि कवायत करायची."

"मलाही तेच म्हणाला."

"लबाड कुठला," ती म्हणाली. पदराचं टोक तिनं बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "म्हातारीला सांगितलं आणि मला नाही." मग पुन्हा आडवी झाली, पण या वेळी तोंड दाराकडे होतं.

*

शेळ्यांच्या आजीच्या पोटात काही राहत नसे. ती नळावर गेली, आणि नळावरून ती गोष्ट घरोघर गेली.

सकाळी थोरली पदर सावरत धावत आली. "बाबा, बाहेर या आधी! लवकर!"

अंगणात दोरांचा ढीग पडला होता. बंद चाकाच्या पायाशी दावी, कासरे, बादल्यांचे दोर, गवत आवळायच्या दोऱ्या, पाळण्याची दोरी, सगळं एकमेकांत गुंतून पडलं होतं. लोहार भात्याचा दोर खांद्यावर टाकून उभा होता. मास्तरांनी शाळेच्या घंटेचा दोर आणला होता आणि घंटाच वाजली नाही म्हणून अर्धी शाळा त्यांच्या मागे आली होती. मळेवाला विहिरीचा दोर ठेवून घाम पुशीत होता. गावात ज्याला सगळे चिकट म्हणायचे तो दुकानदार निळ्या प्लास्टिकचं वेटोळं हातात धरून मागेच घुटमळत होता.

"माझ्याकडे त्याचा नव्हता," तो पुटपुटला. "पण रिकाम्या हातानं कसं यायचं?"

दोरवाल्यानं ते वेटोळं त्याच्या हातातून घेतलं आणि ढिगावर ठेवलं. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. कुणाच्याच डोक्यात एक साधी गोष्ट आली नव्हती, की ज्याचं दावं आपण सोडून आणलं ते जनावर आता कुठे असेल.

ती घरातूनच कळली. आत भांडं पडल्याचा आवाज झाला, मग दुसरं, मग बायको ओरडली. इतक्या दिवसांत तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. दोरवाला आत धावणार तोच ती दारात आली. एका हातात बोकडाचं शिंग, दुसऱ्यात त्याच्या तोंडातून ओढून काढलेला चटईचा तुकडा.

"हा कुणाचा?" ती कडाडली. "आणि सोडला कुणी?"

म्हाताऱ्या आजीनं हळूच पुढे होऊन बोकडाची दाढी धरली. तेवढ्यात हिची नजर ढिगावर गेली.

तिनं बोकडाचं शिंग सोडलं. मग पायऱ्या उतरली. उन्हानं डोळे बारीक झाले. ढिगाशी बसून तिनं पहिला दोर ओढला आणि पिळावरून बोटं फिरवली.

"हा त्याचा." तो तिनं उजवीकडे ठेवला. "हा यांचा, हा इथं कशाला आला? हा त्याचा. हा बघा, इथं ढिला पडलाय. मन थाऱ्यावर नव्हतं, कुणीतरी गल्लीतून चाललं असणार." बायकांमध्ये खसखस पिकली. "हा त्याचा. पाळण्याचा ना? किती घट्ट वळलाय. हा..." तिनं निळं वेटोळं दोन बोटांत उचललं. "हा कुणी आणला?"

दुकानदार लाजून लाल झाला. "मी, वहिनी."

"बरं केलंत," ती म्हणाली. "याच्यानं तुमचं दुकान बांधून ठेवा." आणि मास्तरांसकट सगळं अंगण हसलं.

तेवढ्यात मळ्याच्या दिशेनं आरडाओरडा ऐकू आला. मळेवाल्याचे बैल रोपांच्या वाफ्यात शिरले होते, आणि लोहाराची गाय त्यांच्या मागोमाग.

"अरे, बघताय काय!" ती ताडकन उठली. "माझ्या पोराच्या नावानं गावाचं पीक गुरांच्या घशात घालताय? उचला एकेक! थोरले, तू ती दावी घे. अहो, तुम्ही विहिरीचा उचला, तो जड आहे."

"काकू, एक तरी ठेवा," मास्तर म्हणाले. "घंटेचा ठेवा. आम्ही पत्र्यावर दगड मारून शाळा भरवू."

तिनं घंटेचा दोर हातात घेतला, तळव्यावर तोलला आणि मास्तरांच्या खांद्यावर परत टाकला. "माझ्या घरी काय करील तो? खुंटीला लटकून बसेल. त्याला एका जागी बसायची सवय नव्हती."

*

गुरं धरण्यात सकाळ गेली. दुपारी ती दोघं घरोघर दोर बांधत फिरली. तो मागे, ती पुढे. प्रत्येक दारात ती स्वतः वाकून गाठ मारायची आणि विचारायची, "तुमच्याकडे कधी आला होता? काय म्हणाला होता?" लोक सांगायचे. त्यानं वासराचं नाव ठेवलं होतं आणि ते इतकं वाईट होतं की मालकिणीनं तिच्यासमोर उच्चारलं नाही. घंटा वाजवायची शिक्षा मिळावी म्हणून तो मुद्दाम उशिरा यायचा. पाळणा बांधून झाल्यावर, भार पेलतो का बघतो म्हणून त्यात स्वतः बसला होता आणि तुळई करकरल्यावर पळाला होता. ती ऐकत होती, मधे मधे "हो, असाच," म्हणत होती. एका घरी तिनं चहा घेतला. एका घरी रडली, उभ्या उभ्या, खुंटीला हात टेकून. मग गाठ आवळली आणि पुढच्या घराकडे निघाली.

शेवटचा राहिला तो मळ्यातल्या विहिरीचा दोर. रहाटावरून टाकून, बादली बांधून दोरवाला बाजूला झाला. मळेवाल्याची सून पाणी काढायला आली. लग्न होऊन आली तेव्हा डावऱ्या सैन्यात गेलेला होता. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. पोरीनं भराभर बादली ओढली, पाणी हंड्यात ओतलं आणि दोर गोळा करायला लागली. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, वेढ्यावर वेढा.

बायको एकदम पुढे झाली. "थांब. हे असं कुणी शिकवलं तुला?"

पोरगी दचकली. "काय, काकू?"

"हा हात. असा उलटा फिरवतेस तो."

सगळं जग दोर गुंडाळतं ते एका बाजूनं. ही उलट्या बाजूनं गुंडाळत होती. दर वेढ्याला मनगटाला बाहेरच्या अंगानं हलकासा झटका देत होती.

"शिकवलं नाही कुणी," ती ओशाळून म्हणाली. "माहेरी मी नेहमीसारखीच गुंडाळायचे. इथं आल्यावर दोराला सारखे गुंते पडायचे, बादली अडकायची. सासूबाई ओरडायच्या. त्याही अशाच गुंडाळतात, मामंजीही. या घरात सगळेच. बघून बघून माझाही हात वळला. चुकलं का?"

"नाही," दोरवाला म्हणाला. "याचा पीळ तसा आहे. त्याला तसंच गुंडाळावं लागतं."

"पुन्हा गुंडाळ बघू," बायको म्हणाली.

पोरीनं दोर सोडला आणि पुन्हा गुंडाळू लागली. कोपर, अंगठा, झटका. कोपर, अंगठा, झटका. बायको तिच्या मनगटावरची नजर हलवत नव्हती. शेवटचा वेढा पडला तशी ती पुढे झाली आणि ते मनगट तिनं दोन्ही हातांत धरलं, पोराचा ताप बघावा तसं. पोरगी गोंधळून दोरवाल्याकडे बघू लागली. त्यानं तिला खुणेनंच सांगितलं, राहू दे.

"हंडा भरला की गं," बायकोनं शेवटी हात सोडला. "जा. सासू वाट बघत असेल."

दोघं परतीच्या वाटेला लागली. दोन्ही बाजूंना नांगरलेली रानं पडली होती, ढेकळं उन्हात पांढरी झालेली. तो सवयीनं मधेच मान वळवून मागे बघत होता.

"किती जणांचे दोर व्हायचेत?" तिनं एकाएकी विचारलं.

"सगळ्यांचेच."

"आणि तो सायकलवाला फिरतोय म्हणे, निळा-हिरवा."

"फिरतोय."

"मग उद्या चाकावर बसते मी. थोरलीला सकाळी लवकर बोलवा." ती चार पावलं गेली आणि थांबली. "पण वाख भिजवायला हवा आज. कोरड्या वाखाचं काय वळणार? आता घरी जाऊन घालायचा, म्हणजे उद्याचा दिवस गेलाच."

"भिजलेला आहे," तो म्हणाला.

"कधी घातलात?"

तो रस्त्याकडे बघत राहिला. "रोजच घालतो. पहाटे भिजवतो, रात्री वाळवतो. म्हटलं, उठलीस तर अडायला नको."

तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं. नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, बाजारात बैल पारखावा तशी.

"रोज भिजवून वाळवून त्याचा पार भुसा केला असेल तुम्ही," ती म्हणाली. "चला, दाखवा मला." आणि पदर खोचून, त्याच्यासाठी न थांबता, झपाझप घराकडे चालायला लागली.